दोन चरणांमधली जागा

बाई,

परवाच्या शोकसभेत तुमच्याबद्दल जे बोललं गेलं त्यातलं निम्मं तुमच्याबद्दल नव्हतं, आणि उरलेलं कुणाबद्दलही चाललं असतं. एका वक्त्याने तुम्हाला ज्ञानाचा सागर म्हटलं. सागर आला म्हणजे मागोमाग दीपस्तंभ येणार हे मी ओळखलं, आणि तो आला. ही सवय तुम्ही लावलेली. कुणी वाक्याचा पहिला अर्धा भाग उच्चारला की दुसऱ्याचा अंदाज बांधायचा आणि गप्प बसून वाट बघायची. सत्कार आणि शोकसभा या दोन ठिकाणी माझा अंदाज अजून चुकलेला नाही. तुम्ही शेजारी असतात तर पदर तोंडाला लावला असतात, आणि लोकांना वाटलं असतं, बाई गहिवरल्या.

मलाही चार शब्द बोलायला सांगितलं होतं. मी नको म्हटलं. जे सांगायचं होतं ते तुम्हाला, आणि त्या हॉलमध्ये तुम्ही सोडून सगळे हजर होते.

आपली ओळख नव्वदच्या दशकातली. तुम्ही मुलींच्या शाळेतून नुकत्याच निवृत्त झाला होतात, मी कॉलेजात मराठी शिकवत होतो. बायबलचं नवं मराठी भाषांतर करायला एक समिती बसली होती आणि त्यातली नीतिसूत्रं तुमच्या वाट्याला आली होती. एका दुपारी तुम्ही गंगापूर रोडला आमच्या घरी आलात. कुणीतरी तुम्हाला सांगितलं होतं की मी नास्तिक आहे आणि माझं मराठी बरं आहे; तुम्हाला दोन्ही गोष्टी हव्या होत्या. चहा नको म्हणालात, चष्मा पुसलात, आणि कागद न काढताच एक ओळ म्हटलीत. ओळ कसली, अर्धीच. मग माझ्याकडे बघत बसलात.

"पुढे?" मी विचारलं.

"तेच तुम्हाला विचारतेय. पुढे काय असेल?"

मी काहीतरी सांगितलं. प्राध्यापकाला शोभेल असं, दोन स्वल्पविराम घेतलेलं.

"चुकलं," म्हणालात, आणि खरा दुसरा चरण सांगितलात. जेमतेम चार शब्दांचा. मी हसलो. मग तुम्ही पिशवीतून कागद काढलात आणि त्या ओळीपुढे बरोबरची खूण केलीत.

"मी चुकलो, आणि खूण बरोबरची?"

"सर, तुम्ही बरोबर सांगितलं असतं तर ओळ खोडावी लागली असती."

तपासायची ही तुमची रीत मला समजायला थोडा वेळ लागला. यातलं जवळजवळ प्रत्येक सूत्र दोन चरणांचं. दुसरा चरण कधी पहिल्याला टेकू देतो, कधी त्याच्या विरोधात उभा राहतो, आणि कधी कुठूनतरी भलतीच एखादी वस्तू आणतो, पहिल्याशेजारी ठेवतो आणि निघून जातो. हिचा पहिल्याशी संबंध काय ते सांगत नाही. तो ऐकणाऱ्याने लावायचा. तुमचं म्हणणं असं की सगळी कारागिरी त्या दोन चरणांमधल्या मोकळ्या जागेत आहे. ऐकणाऱ्याने पहिला चरण ऐकून दुसरा बिनचूक ओळखला तर भाषांतर शिळं. दुसरा ऐकल्यावरही "म्हणजे काय?" असं विचारलं तर भाषांतर फसलं. त्याचा अंदाज चुकला, आणि खरा चरण ऐकून तो गप्प झाला, हसला किंवा रागावला, तर ओळ पास. शाळेत तुम्ही इतक्या सढळ हाताने कुणाला पास केलं नसेल, आणि इतक्या निर्दयपणे नापासही.

तुम्हाला पुस्तकावर नाव नको होतं. हवं होतं ते एवढंच, की तुमच्या चर्चमधल्या मंडळीच्या तोंडी या ओळी त्यांच्या मधल्या जागेसकट याव्यात. तुमच्या चर्चमध्ये वाचनाची पद्धतच त्याला सोयीची होती: पाळक पहिला चरण वाचणार, मंडळी दुसरा म्हणणार. तुम्ही म्हणायचात, "बघा, अर्धं काम आधीच झालंय. फक्त मध्ये श्वास घ्यायला शिकवायचं." त्या 'फक्त'मध्ये तुमची पुढची सगळी वर्षं गेली.

त्यासाठी तुम्ही निवृत्तीनंतर हिब्रू शिकायला घेतलंत, उजवीकडून डावीकडे, भाचीच्या जुन्या पाटीवर. आणि ओळी घेऊन नाशिकभर हिंडलात. चर्चला फुलं आणून देणारे मखमलाबादचे काशीनाथभाऊ मला आठवतात, कारण त्या दिवशी मी तुमच्यासोबत होतो. तुम्ही आळशी माणसावरच्या सूत्राचा पहिला चरण म्हटलात: थंडी आहे म्हणून आळशी नांगर धरत नाही. काशीनाथभाऊंनी विचारही केला नाही.

"हा आमचा धाकला," ते म्हणाले. "त्याचं तुमच्या पुस्तकात कसं आलं?"

"पुढे काय असेल सांगा."

"पुढं काय, जेवायला पयला."

तुम्ही दुसरा चरण सांगितलात: सुगीला मागायला जातो, हाती काही नाही. काशीनाथभाऊंनी गुलाबांची टोपली खाली ठेवली. "बाई, हे लिवणाऱ्याच्या घरी शेती व्हती का?"

"असावी."

"मंग बराबर हाय."

देवळाली कॅम्पच्या बसमधला प्रसंग तुम्ही स्वतःच रंगवून सांगायचात. भांडकुदळ बायकोवरच्या सूत्राचा पहिला चरण तुम्ही शेजारच्या बाईंना ऐकवलात. त्या मेथीच्या जुड्या मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी अंदाज बांधायला साफ नकार दिला. म्हणाल्या, "भांडखोर नवऱ्याचं काय लिवलंय ते आधी सांगा."

"त्याच्यावर काही नाही दिसत."

"नाय ना? मंग निम्मंच पुस्तक हाय तुमचं."

कंडक्टरने घंटी मारायच्या ऐवजी हसून घेतलं आणि एक थांबा चुकला. हा आक्षेप तुम्ही समितीच्या पुढच्या बैठकीत रीतसर मांडलात. इतिवृत्तात तो आला नाही.

मी तुमचा परीक्षक कमी आणि विरोधी पक्ष जास्त होतो. माझं म्हणणं होतं की यातली बरीच सूत्रं एकच गोष्ट दोनदा सांगतात. संपादकाच्या हाती पडती तर पुस्तक निम्मं झालं असतं. तुम्ही चिडला नाहीत. म्हणालात, "आई पोराला दोनदा हाक मारते. दुसऱ्यांदा आवाज तोच असतो का?" मी म्हटलं, आई ही सोय आहे, तिला कुठल्याही वादात आणता येतं. तुम्ही म्हणालात, मग मुख्याध्यापिका घ्या. मुख्याध्यापिकेच्या बाबतीत मला मुद्दा मान्य करावा लागला.

त्या पुस्तकात ज्ञानाला बाईचं रूप दिलं आहे, आणि ती बाई देवळात किंवा राजवाड्यात न बसता रहदारीच्या रस्त्यावर उभी राहून हाका मारते, हे तुम्हाला फार आवडायचं. मी म्हटलं, भद्रकालीच्या भाजीबाजारात उभी राहिली तर तिचं कुणी ऐकणार नाही.

"ऐकत नाहीतच, सर. तेच तर लिहिलंय."

एका ठिकाणी मात्र मी तुमच्या बाजूला आलो, आणि तुम्हाला त्याचं आश्चर्य वाटलं. एकापाठोपाठ दोन सूत्रं आहेत, एकमेकांच्या बरोबर उलट सांगणारी. एक म्हणतं असं करू नका, लगेच दुसरं म्हणतं करा. समितीला तिथे तळटीप हवी होती: पहिलं अमुक परिस्थितीत लागू, दुसरं तमुक परिस्थितीत. तुम्ही अडून बसलात. म्हणालात, ज्यांनी ती शेजारी शेजारी ठेवली त्यांना दिसत नव्हतं का? माझ्या आयुष्यात ठाम बोलणारे ग्रंथ आणि त्यांच्याहून ठाम बोलणारे भक्त पुष्कळ आले. दोन उलट ओळी शेजारी मांडून शांत बसणारा ग्रंथ मी पहिल्यांदाच बघत होतो. त्या दिवशी मी तुम्हाला म्हटलं, ही उत्तम कारागिरी आहे, पण यात देव कुठे आला?

"तुम्ही कारागिरीपाशी थांबा," तुम्ही म्हणालात. "मी थोडी पुढे जाते. वाट एकच आहे."

"ती पुढे जाते हे कशावरून?"

"उद्या सांगते."

त्यानंतर हा प्रश्न मी किती वेळा विचारला असेल, आणि दर वेळी तुम्ही उद्या सांगणार होतात.

आता त्या रविवारबद्दल. शोकसभेत तो कुणी काढला नाही, साहजिक आहे. समितीने तुमच्या भाषांतराची चाचणी घ्यायचं ठरवलं होतं. टंकलिखित कागद मंडळीला वाटले होते, समितीचे सभासद पुढच्या बाकावर मफलर लावून बसले होते, आणि तुम्ही मागच्या आठवडाभर भेटेल त्याला बजावत होतात: पाळकांची ओळ संपली की एक श्वास घ्या, मग बोला, घाई करू नका. नाशिकच्या माणसाला घाई करू नका म्हटलं की तो ती मुळीच करत नाही. म्हातारे पाळक पहिला चरण वाचून थांबले. मंडळीही थांबली. एक श्वास झाला, आणखी एक झाला, पण पहिलं कोण बोलणार? सगळे एकमेकांसाठी थांबले, आणि थांबल्यावर काय करायचं ते न सुचून त्यांनी माना खाली घातल्या. चर्चमध्ये सगळ्यांच्या माना खाली आणि शांतता याचा अर्थ एकच होतो. मागच्या बाकावरून एका आजोबांनी प्रभूची प्रार्थना सुरू केली. मंडळी सुटल्यासारखी त्यांच्या मागे गेली आणि थेट आमेनपर्यंत पोचली.

पाळकांनी दुसरं सूत्र घेतलं. पुन्हा शांतता, पुन्हा माना, पुन्हा प्रार्थना. तिसऱ्या सूत्राला लोक इतके धास्तावले होते की पाळकांची ओळ पुरी व्हायच्या आतच त्यांनी आपली ओळ म्हणून टाकली.

मी खांबाआड उभा होतो आणि हसू आवरत होतो. तुमच्याकडे बघितलं आणि आवरावं लागलं नाही. तुम्ही कागदाची घडी घालत होतात, अगदी सावकाश, कडा जुळवून.

बाहेर आल्यावर समितीचे अध्यक्ष तुम्हाला म्हणाले, "बाई, प्रार्थना झाली हे उत्तमच. पण वाचन झालं नाही."

"पुन्हा एकदा करून बघू. सवय लागते."

"विरामाने गोंधळ होतो. सामान्य माणसाला ओळ सलग हवी."

"सामान्य माणसाला मी विचारून आले," तुम्ही म्हणालात. "तुम्ही कुणाला विचारलंत?"

अध्यक्षांनी तुमचं वय, सेवा आणि चिकाटी यांचा आदराने उल्लेख केला. असा उल्लेख होऊ लागला म्हणजे निकाल लागलेला असतो.

सिंहस्थासाठी शहरातले रस्ते खणून ठेवले होते त्या सुमारास छापील प्रत आली. खड्डे चुकवत तुमच्याकडे आलो तेव्हा तुम्ही ती उघडून बसला होतात. शब्द बरेचसे तुमचेच होते. जागा तेवढ्या बुजवलेल्या होत्या. जिथे तुम्ही वस्तू शेजारी ठेवून निघून गेला होतात तिथे समितीने थांबून खुलासा केला होता, आणि दोन चरण मिळून एक लांब, समजूतदार, सरकारी परिपत्रकासारखं वाक्य झालं होतं. त्या दोन उलट सूत्रांखाली तळटीपही होती. प्रकाशनाला तुमचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. नारळाच्या बाबतीत महाराष्ट्रात धर्मभेद नाही. तुम्ही शाल पांघरलीत, नारळ तुमच्या वहिनींकडे दिलात आणि भाषण केलं नाहीत. घरी येताना रिक्षात एवढंच म्हणालात, "सर, आता अंदाज बांधायला काही ठेवलं नाही हो त्यांनी."

वाद तिथे संपला असता. दुसऱ्या कुणी तक्रारअर्ज केला असता, किंवा चर्च बदललं असतं. तुम्ही दर रविवारी तिसऱ्या बाकावर बसत राहिलात. पाळक पहिला चरण वाचायचे, मंडळी छापील दुसरा चरण एका दमात म्हणून टाकायची. तुम्ही श्वास घ्यायचात, आणि मग तुमचा चरण म्हणायचात, तुमच्या शब्दांत, न चढवता आणि न लपवता. मंडळी संपलेली असायची तेव्हा तुम्ही मध्यावर असायचात. सगळ्यांचा आवाज विरल्यावर एका म्हाताऱ्या बाईचा आवाज शेवटचे दोन शब्द ठेवून जायचा.

आता नवे पाळक आले होते, तरुण, नीटनेटके, घड्याळ बघणारे. एकदा चर्चच्या पायरीवर त्यांनी तुम्हाला गाठलं. मी चपला शोधत शेजारीच होतो.

"बाई, राग नका मानू. मंडळीचा ताल जातो. तुम्ही मनात म्हणाल का?"

"मनात म्हटलं तर वाचन कसलं? मोठ्याने वाचा असं तुम्हीच सांगता."

"छापलेलं वाचा असंही सांगतो."

"मी छापायच्या आधीचं वाचते," तुम्ही म्हणालात. "पाळकसाहेब, तुम्हाला घाई असेल तर तुम्ही पुढे चला. मी येते मागून."

त्यांनी हात जोडले. ते शरणागतीचे होते की निरोपाचे, कळलं नाही.

नाताळला आणि मधूनमधून एरवीही मी तुमच्या चर्चमध्ये येत असे. हा केकसाठी येतो अशी वहिनींची पक्की समजूत होती, आणि केक चांगला असायचा म्हणून मी ती मोडली नाही. खरं कारण तुमचा तो उशिरा येणारा आवाज. मी देवाला मानत नाही. पण सगळ्यांनी एकसुरात काहीतरी म्हणून टाकल्यावर एक माणूस शांतपणे आपलं वाक्य पुरं करतो, हे ऐकायला मी कुठेही गेलो असतो. तुम्हाला हे सांगितलं नाही. तुम्ही त्याचा अर्थ मी हळूहळू श्रद्धेकडे सरकतोय असा केला असतात, आणि पुढची वर्षं मला खुलासे करत बसावं लागलं असतं.

शेवटचं भेटलो तेव्हा तुम्ही उशांना टेकून बसला होतात. बोलताना धाप लागत होती. मी विचारलं, त्या पुस्तकाचं वाईट वाटतं का?

"वाईट नाही, राग येतो. राग बरा. झोप लागते त्यात." थोड्या वेळाने म्हणालात, "माझ्या वेळी नीतिसूत्रंच वाचा म्हणून पाळकांना सांगून ठेवलंय."

"कुठल्या प्रतीतून?"

"छापलेल्याच. दुसरी आहे कुठे?"

मग माझ्याकडे बघत राहिलात, पहिल्या दिवशी बघितलं होतंत तसं. मी म्हटलं, "बाई, आता तरी सांगा. कारागिरीच्या पुढे काय आहे?"

"तुम्ही सांगा, सर. चुकीचं सांगा. पण सांगा."

मी काही बोललो नाही. वहिनी औषध घेऊन आल्या आणि विषय त्या औषधाकडे गेला. मला अंदाज नव्हता असं नाही. चुकेल याची भीतीही नव्हती. बरोबर निघाला तर तुम्ही तो खोडाल, असं काहीसं मनात आलं असावं. हे उत्तर चांगलं नाही, पण माझ्याकडे दुसरं नाही.

तुमच्या अंत्यविधीच्या दिवशी चर्च भरलं होतं. समितीतले जे हयात आहेत ते पुढच्या बाकावर होते. तिसऱ्या बाकावर वहिनी, आणि त्यांच्या शेजारी पुण्याहून आलेले तुमचे एक नातेवाईक, जाकीट घातलेले, या मंडळीत पहिल्यांदाच आलेले. मी त्यांच्या मागच्या बाकावर. पाळकांनी छापील प्रत उघडली आणि पहिला चरण वाचला. मंडळीने दुसरा चरण एका दमात म्हटला. आणि पाळक थांबले.

आधी मला वाटलं, त्यांची ओळ हरवली. तसं काही नव्हतं. बोट ओळीवर ठेवून ते फक्त थांबले होते, जसे इतकी वर्षं तुमचे शेवटचे दोन शब्द होईपर्यंत थांबत आले असतील, नाहीतर त्यांची पुढची ओळ तुमच्या अंगावर आली असती. हे माझ्या आजवर लक्षात आलं नव्हतं. मी तुमच्याकडे कान लावून असायचो, त्यांच्याकडे नाही. कुणाचाच आवाज आला नाही तेव्हा त्यांनी मान वर केली आणि तिसऱ्या बाकाकडे बघितलं. मग पुढची ओळ वाचली. मंडळीने उत्तर दिलं. ते पुन्हा थांबले. मंडळीही थांबली होती. कुणी पान उलटलं नाही, कुणी खोकलं नाही, कुणाची मान खाली गेली नाही आणि प्रार्थनाही कुणी सुरू केली नाही. त्या जागेत काही यायचं आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ते येणार नाही हेही.

तुम्हाला ही जागा दोन चरणांच्या मध्ये हवी होती. मिळाली ती सूत्र संपल्यावर. म्हणजे तुमच्या हिशेबाने चुकलीच. ती किती काळ टिकेल हे मी सांगू शकत नाही. पाळकांची बदली होईल, सवयी मोडतात. हे मी तुम्हाला दिलासा म्हणून लिहीत नाही, झालं तसं सांगतोय.

तिसऱ्या किंवा चौथ्या सूत्रानंतर ते पुण्याचे नातेवाईक वहिनींकडे वाकले.

"मावशी, तुमच्याकडे असं मध्ये थांबायची पद्धत आहे का?"

वहिनींनी समोरची नजर हलवली नाही. "आहे," त्या म्हणाल्या.

पुढच्या ओळीनंतर तेही थांबले.